हरिदासची झाडं

देवाजीनं सांगायच्या आधीच हरिदासनं चपला काढून हातात घेतल्या होत्या. म्हाताऱ्याला तेवढीच गोष्ट आवडून गेली. आजवर जे जे साहेब बनात आले ते बुटांसकट घुसले होते. हे घुग्घुसचं पोरगं मात्र कडेला थांबून विचारत होतं, की देवाजीभाऊ, येऊ का आत?

आरमोरीच्या पलीकडच्या त्या जंगलात ढिवर समाजाची काही घरं येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडांवर कोशाचे किडे पाळत. किडे पानं खाऊन लठ्ठ होत, कोसले विणत, आणि त्या कोसल्यांचं रेशीम निघे. हंगामभर गडी बनातच झोपडी करून राहत. दाढी करत नसत, डोक्याला तेल लावत नसत. ते सगळं तेल डोळ्यांत घालून किड्यांची राखण करत.

पाखरांना हाकलता येई, मुंग्यांना अडवता येई. माशीपुढे मात्र सगळे हात टेकत. ती किड्याच्या पाठीवर अंडी घालून जाई, मग पाठीवर काळा डाग पडे, आणि डाग पडला की तो किडा गेलाच म्हणायचं.

हरिदास त्या माशीसाठीच आला होता. नागपूरला तो कीटकशास्त्रात एम.एस्सी. करत होता. कोळशाच्या खाणीतल्या त्याच्या वडिलांनी, खुशालनं, ही बातमी अख्ख्या वस्तीला सांगून ठेवली होती. वस्तीही काही कमी नव्हती. खुशालचा पोरगा एवढं शिकला आणि आता किडे मोजतो, म्हणून चौकाचौकात हसत होती.

हसण्याचं हरिदासला काही नव्हतं. त्याला धास्ती होती ती वेगळीच. मागच्या हंगामात दुसऱ्या एका गावात त्याचे सगळे किडे मुंग्यांनी फस्त केले होते. हा हंगाम शेवटचा, असं गाइड सरांनी तोंडावर सांगितलं होतं. हाही वाया गेला तर पदवीचं नाव विसरून घुग्घुसला परतायचं होतं.

त्यानं निंबोळीपासून एक औषध तयार केलं होतं. ओढ्याकडच्या झाडांवर ते फवारायचं, टेकडीकडची झाडं तशीच ठेवायची, आणि रोज दोन्हीकडचे डागाळलेले किडे मोजायचे, एवढाच त्याचा प्रयोग. ओढ्याकडची झाडं हरिदासची आणि टेकडीकडची देवाजीची, अशी वाटणी गड्यांनी आपसूकच करून टाकली.

पहिल्या संध्याकाळी शेकोटीपाशी देवाजीनं विचारलं, औषध लागू नाही पडलं तर?

"तर औषध फेल अन् मी बी फेल," हरिदास हसत म्हणाला. हसू काही नीट जमलं नाही.

देवाजी बराच वेळ लाकडं सारखी करत बसला. मग म्हणाला, "आमच्या बनातून कोणी रिकाम्या हातानं जात नाई, भाऊ."

बनाचा एक नेम होता. सकाळी गड्यांचं देवाचं आटोपून हाक आल्याशिवाय बाहेरच्या माणसानं आत पाऊल टाकायचं नाही. हरिदासच्या घरी देव नव्हते. पण दुसऱ्याच्या बनात दुसऱ्याचा कायदा, हे त्याला वेगळं सांगावं लागलं नाही. तो गावातून येऊन पायवाटेवर बसून राही. हाक आली की आत जाऊन मोजणी सुरू करी.

आणि औषध लागू पडलं! ओढ्याकडच्या झाडांवर डागाळलेला किडा शोधूनही सापडेना. आधी हरिदासचा स्वतःवरच विश्वास बसेना. त्यानं पुन्हा पुन्हा मोजलं. टेकडीकडची झाडं मात्र माशीनं पार धुऊन नेली. देवाजीच्या हाती त्या साली धड कोसले लागले नाहीत. हरिदासच्या जिवाला ते फार लागलं. औषध तुमच्याही झाडांवर मारू, असं तो म्हणालाही. मग तुमची परीक्षा कशी होईल, म्हणून देवाजीनंच त्याला गप्प केलं.

पदवी मिळाली. रेशीम खात्यात नोकरीही लागली. खुशालनं वस्तीत पेढे वाटले आणि हसणाऱ्यांच्या हातावर मुद्दाम दोन दोन ठेवले.

पुढच्या हंगामाच्या तोंडावर हरिदास पेढ्यांचा पुडा घेऊन देवाजीच्या अंगणात येऊन बसला. प्रबंधाच्या पहिल्याच पानावर त्यानं देवाजीचं नाव छापून घेतलं होतं. ते त्यानं वाचून दाखवलं. आईबापांनंतर तुमचंच देणं आहे माझ्यावर, असं तो म्हणाला आणि ते अगदी मनापासून म्हणाला. देवाजीची बायको रुखमा पदरानं डोळे पुसू लागली. देवाजी छापील नावावरून नुसतं बोट फिरवत राहिला.

मग हरिदासनं खरी बातमी सांगितली. त्याच्या आकड्यांवर खातं खूश होतं. यंदा हे औषध जिल्ह्यातल्या सगळ्या बनांत फवारायचं ठरलं होतं. औषधाची पिंपं गावोगाव रवाना झाली होती. आता माशीमुळे कोणत्याच ढिवराचं साल बुडणार नव्हतं. देवाजीच्या बनापासूनच सुरुवात करायची, हे त्यानं साहेबांकडून हट्टानं मंजूर करून घेतलं होतं.

देवाजीचं बोट कागदावरच थांबलं.

"सगळ्याच झाडाइले?"

"सगळ्याच. एक बी सोडाचं नाई."

देवाजीनं रुखमाकडे पाहिलं. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"मंग कसं जमन, भाऊ?" तो काळजीनं म्हणाला. "तुमच्या झाडावरचे डागाचे किडे आमी रोज सकाळी काढून घेत होतो अन् माह्या झाडावरचे चांगले तिथं ठेवत होतो. आता समदीच झाडं तुमची झाल्यावर चांगले किडे आणाचे कुठून?"