गैरहजर माणसाची रेघ

कारखान्याला आग लागली त्या सकाळी काढलेला एक फोटो मी आमच्या वस्तीच्या इतिहास-संग्रहाला दिला. फाटकापाशी उभी सकाळची पाळी, आणि कडेला हाताची घडी घातलेला माझा दादा. कुलूप घातलेल्या दारामागे दादा जळाला. मालकांनी मात्र त्याला गैरहजर ठरवलं.

संग्रहात फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून प्रत्येकाची बाह्यरेखा काढतात आणि तिच्या आत नाव लिहितात. तिथल्या ताईंनी काढलेल्या कागदावर दादा नव्हता; खालच्या फोटोत मात्र होता.

"शप्पथ काका, सगळे काढले होते मी," ताई म्हणाल्या.

संग्रहाचे अध्यक्ष, म्हणजे कारखान्याच्या मालकांचे पुतणे, हसले. "अहो, फोटो काढून झाल्यावर दांडी मारून सिनेमाला गेला असेल तुमचा दादा!"

मी आयुष्यात कुणाला उलट बोललेलो नाही. समोरचाच बरोबर असेल, असं मला कायम वाटत आलं. पण त्या दिवशी माझं डोकं फिरलं.

"तोंड सांभाळा!" मी ओरडलो, पेन्सिल हिसकावली आणि दादाची रेघ स्वतः ओढली.

कागद उचलला. कागदावरच्या दादाच्या हाताची घडी सुटली होती. दोन्ही तळवे बंद दारावर टेकवावेत तसे समोर टेकवलेले, तोंड उघडं.

"हा काय चावटपणा?" अध्यक्ष खोडरबर घेऊन घासू लागले. रेघ जाईना.

ताईंनी कागद हातात घेऊन उलटा केला. मग रेघेवरून बोट फिरवलं.

"काका, पेन्सिल वरून लागलेलीच नाही. ही रेघ फोटोकडच्या बाजूने काढलीय."