उंबराखालची बातमी

"तिथं खनू नका रं! तिथं खून हाय!"

सत्यभामाबाई खड्ड्याच्या काठावर उभी राहून ओरडत होती. इमारतीच्या पायासाठी खणणारे मजूर परमुलखातले. ते हसले आणि पुन्हा कुदळी मारू लागले. दुधाची पिशवी घेऊन घरी निघालेला विलास दिघे मात्र जागीच थांबला.

विलास गुन्हेवार्ताहर होता. त्याचं सायंदैनिक बंद पडलं आणि तो गिरगाव सोडून कोपरखैरण्यातल्या नव्या फ्लॅटमध्ये येऊन बसला. घर आता बायकोच्या, सुनीतीच्या, पगारावर चालत होतं. एका मोठ्या दैनिकाच्या संपादक जयमालाताई त्याला म्हणाल्या होत्या, "जागा एकच आहे. एक सणसणीत बातमी आण, जागा तुझी." पण या नव्या वसाहतीत गुन्हा कुठला सापडायला?

तो म्हातारीजवळ गेला. ती जुन्या गावातली. प्लॉट तिच्याच घरचा, आणि इमारत बांधत होता तिचा मुलगा हौसेराव.

"आजी, कसला खून? कोणी केला?"

"आमचे सासऱ्यान केली. या उंबराखाली पुरलीय. मी नवी नवरी, कंदील धरून उभी होते. सासरा बोल्ला, कोनाला सांगशील तर बघ!"

"सासऱ्यांचं कोणाशी वैर होतं?"

"सख्ख्या भावाशी. कान्ह्याशी. याच जमिनीवरून. मंग कान्हा उरनला गेला तो गेलाच. पुन्ना गावात पाय नाय टाकला."

उभ्या उभ्या विलासने तिचं बोलणं मनातल्या मनात शुद्ध करून घेतलं. सासऱ्याने भावाचा खून केला, प्रेत उंबराखाली पुरलं आणि भाऊ उरणला गेल्याची आवई उठवली. लोकांची ओबडधोबड वाक्यं सरळ करून छापायची त्याला सवयच होती.

तेवढ्यात हौसेराव मोटारसायकलवरून आला. "काय बोलत होती आई?"

"इथे खून आहे म्हणत होत्या."

हौसेरावचा चेहरा एकदम उतरला. मग तो हसला, पण डोळे हसले नाहीत. "वय झालंय तिचं, साहेब. तुमी तुमचं दूध घेऊन जा. नासंल."

विलास चार पावलं गेला आणि बुटाची नाडी बांधायला वाकला. मागून हौसेरावचा दबका आवाज आला. तो मुकादमाला सांगत होता, "उद्या सकाळीच काँक्रीट ओता. उंबराकडची बाजू पयली." मग आईचा दंड धरून तो तिला घरी घेऊन गेला. दिवसभर त्या घराचं दार उघडलं नाही.

"तुला खात्री आहे?" घरी सगळं ऐकून सुनीतीने विचारलं.

"त्या हौसेरावचा चेहरा बघायला हवा होतास. त्याला सगळं ठाऊक आहे. उद्या काँक्रीट पडलं की संपलं."

संध्याकाळी त्याने टेलिफोनच्या बूथवरून दोन फोन केले. एक ओळखीच्या फौजदाराला. दुसरा जयमालाताईंना. "पहिल्या पानावर जागा ठेवा," तो म्हणाला.

सकाळी काँक्रीटच्या आधी पोलीस पोहोचले. सोसायटीतली माणसं गॅलरीत उभी राहिली, गावातली खड्ड्याभोवती. उरणहून कान्ह्याचा मुलगा गोटीरामही धावत आला. आपल्या बापाचा सांगाडा निघणार असं त्याला कोणीतरी कळवलं होतं.

"बापूस घरी हाय माझा," तो फौजदाराला म्हणाला. "निघालो तवा चा पीत होता. सांगाडा कोनाचा काढताव?"

लोक हसले. विलास हसला नाही. कान्हा नसेल, दुसरं कोणी असेल. नाहीतर हौसेराव असा घामाघूम का झाला होता?

कुदळ कशाला तरी लागली. मजुराने हाताने माती बाजूला केली. चुन्याने तोंड बंद केलेलं एक मडकं निघालं. फौजदाराने ते फोडलं. आत कोळसा होता. नुसता कोळसा.

सत्यभामाबाईने हात जोडले. "हीच ती खून. आमचे सासऱ्यान केलेली. हद्दीचा वरचा दगड भावबंद हलवतात, म्हनून खाली पुरली. कोळसा कुजत नाय. हिच्या अल्याड आमची जमीन, पल्याड कान्ह्याची."

सगळ्यांनी खड्ड्याकडे पाहिलं. हौसेरावने मडक्याच्या पल्याड बरंच खणलं होतं. गोटीराम चुलत पुतण्याकडे बघत राहिला, आणि हौसेरावने मान खाली घातली.

फौजदार कपाळावर हात मारून म्हणाला, "दिघेसाहेब, बाणातला ण आहे हो हा!"

विलासचे कान तापले. म्हातारी 'केली' म्हणाली होती. 'पुरलीय' म्हणाली होती. 'केला' आणि 'पुरलं' हे त्याचं स्वतःचं होतं.

तो बूथवर गेला.

"पहिलं पान अडवून बसलेय मी," जयमालाताई म्हणाल्या. "काय निघालं?"

त्याने सगळं सांगितलं, पहिल्या हाकेपासून मडक्यापर्यंत, क्रमाने, काहीही न लपवता. पलीकडे खो खो हसणं सुरू झालं.

"गेली रे तुझी जागा!"

"गेली. पण ताई, मडकं फुटेपर्यंत तुम्हाला काय वाटत होतं?"

"वाटायचं काय? प्रेत निघणार, पक्कं."

"हौसेरावचा संशय आला?"

"आला की. त्या म्हातारीचाही आला."

"मग मला रविवारच्या पुरवणीत जागा द्या. दर आठवड्याला एक प्रकरण. रहस्यकादंबरी लिहितो."

जयमालाताईंचं हसणं थांबलं. "पण यात खून कोण करतो?"

"वाचक," विलास म्हणाला. "म्हातारी फक्त खूण सांगते."