देठांची धुरी

नातवाच्या पायावर पिसवा चावल्याचे लाल ठिपके दिसले, तसा माझा मुलगा हेमकांत आमच्या भुऱ्या कुत्र्याला पोत्यात घालून तापीपलीकडे सोडून आला. मला विचारलंसुद्धा नाही. "कुत्रासाठे रडाले मी काय येडी शे?" असं मी त्याला तोंडावर सुनावलं. या घरात दिवसभर माझी बडबड ऐकून घेणारा तो भुऱ्या एकटाच होता, हे काही बोलले नाही.

कुत्रा गेला, पिसवा घरातच राहिल्या. मग नंदुरबारच्या बाजारातून मिरचीची देठं आणली. रोज दारं लावून घमेल्यातल्या निखाऱ्यांवर टाकायची. असा ठसका उठतो की सगळे खोकत ओट्यावर पळतात आणि आत मी एकटी.

काल सून नूतन ओट्यावरून ओरडली, "आई, पिसवा कव्हयच मरी ग्यात! आते कसाले धुरी करी ऱ्हायनात?"

"तू गप ऱ्हाय वं," म्हटलं, आणि पदरानं डोळे पुसत आणखी एक मूठ टाकली.



धुरी बंद केली, तर रडण्याचं कारण काय सांगू हिला?