वाटीतला दात

"बाथरूममध्ये पाय घसरला हिचा," मागच्या खेपेला तिच्याऐवजी नवऱ्यानेच सांगितलं होतं. "वेंधळी आहे हो. कितीदा सांगितलं!"

तिचा पुढचा दात त्याने खिशातून काढून दिला, टिश्यूपेपरात गुंडाळलेला. दात पार सुकला होता. दातांची डॉक्टर असून मला तो परत बसवता आला नाही, खोटा बसवावा लागला. माझं डोकं सणकलं. फरशीवर आपटून गालावर बोटं उमटत नाहीत, एवढं मलाही कळतं. पण ती काही बोलेना. मग जे माझ्या हातात होतं, ते मी तिला शिकवलं.

"पुन्हा दात पडला तर चावायच्या बाजूने धरा. मुळाला हात लावू नका, घासू नका. दुधात टाका आणि तडक इकडे या."

आज ती केबिनमध्ये एकटीच आली. हातात वाटी, वाटीत दूध आणि दुधात मुळासकट अख्खा दात.

"शाब्बास! हा वाचेल. बसा खुर्चीत, आ करा."

ती बसली नाही. उलट चक्क हसली. मी बसवलेल्या दातासकट तिचे सगळे दात जागच्या जागी होते.

"माझा नाही, डॉक्टर. ह्यांचा आहे. बाहेर बसलेत, तोंडाला रुमाल लावून."

"कसा पडला?"

"बाथरूममध्ये पाय घसरला," ती बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "वेंधळे आहेत हो. कितीदा सांगितलं!"