एकाच जागी

लोखंडी कडं पुन्हा खडखडलं आणि चेंडू भलतीकडेच, निवडुंगात जाऊन पडला.

प्रांतसाहेब विष्णुपंतांनी काठी जमिनीवर आपटली. माळावर पाहायला दुसरं कोणी नव्हतं, फक्त त्यांच्या गोल्फच्या काठ्यांची पिशवी धरून उभा असलेला नाथाजी. नाथाजी जुना फौजी. पलटणीत गोऱ्या मेजरची अशीच पिशवी वाहिलेली, म्हणून चार-दोन महिन्यांपूर्वी तो आपणहून काम मागायला आला तेव्हा साहेबांनी त्याला लगेच ठेवून घेतलं. माणूस कमी बोलायचा, हेही साहेबांच्या पथ्यावर पडलं.

कडं म्हणजे बैलगाडीच्या मोठ्या चाकाची जुनी धाव, चाकावर चढवतात ती लोखंडी पट्टी. इंग्रजी मासिकातलं चित्र लोहाराला दाखवून साहेबांनी ती दोन खुंटांवर तिरकी बसवून घेतली होती. तिच्या आत उभं राहायचं. काठी लोखंडाला टेकवून घासत वर न्यायची, घासतच खाली आणायची. वाट ठरली की फटका ठरला. हात जरा थरथरला, की कडं बोंब मारायचं.

आणि साहेबांचा हात वर जाताना हटकून थरथरायचा.

गेल्या वर्षी, बेचाळीसच्या मोर्चावर गोळी घालायचा हुकूम देताना त्यांनी हाच हात वर केला होता. दोन प्रेतं कचेरीसमोर सापडली. तिसरा पोरगा पोटात गोळी घेऊन उसात पळाला, तो सरकारला सापडलाच नाही. विष्णुपंतांना मात्र तो रोज सापडायचा. काठी खांद्यावर गेली की हा समोर उभा. डोक्यावर पांढरी टोपी, आणि टोपीखाली चेहरा नाही.

दिवाळीनंतर साताऱ्याला कलेक्टरसाहेबांबरोबर खेळायचं होतं. तिथं गोऱ्यांदेखत हात थरथरला, तर तो का थरथरतो हे साऱ्यांना उमगेल, याची त्यांना धास्ती होती. रात्री डोळ्याला डोळा लागत नव्हता.

"चेंडू कुठं का पडेना," ते म्हणाले, "पण दर वेळी एकाच जागी पडला पाहिजे. कडं नीट लाव."

"लावतो जी."

दुसऱ्या दिवशी नाथाजीने खुंट उपटून कडं ओढ्याच्या दिशेला फिरवलं. "हिकडं वारं आडवं येत न्हाई," म्हणाला. साहेबांना पटलं. त्यांनी फटका मारला. चेंडू ओढ्यापलीकडे पडला आणि उतारावरून गडगडत करंजाच्या बुडाशी गेला.

"जा, घेऊन ये."

नाथाजी हलला नाही. "सांजचं मी तिकडं जात न्हाई, सायेब."

"का रे?"

"न्हाई जात."

"आणि म्हणे फौजेत होता! भुताला भितोस?"

साहेब हसले खरे, पण त्यांच्याच अंगावर काटा आला होता. आता गड्यासमोर भ्यालेलं कसं दाखवणार? ते स्वतःच निघाले.

"बूट काढून जावा, सायेब. शेवाळ हाय. खिळ्याचे बूट घसरत्यात."

साहेबांनी बूट काढले, ओढ्याच्या पाण्यातून अनवाणी पलीकडे गेले. करंजाच्या फांद्या इतक्या खाली आलेल्या, की गुडघे टेकून वाकल्याशिवाय चेंडूला हात पोचेना. करंजामागच्या उसातून कोणीतरी पाहतंय असं त्यांना वाटलं. पण चेंडू उचलला तेव्हा हात कापत नव्हता. त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली.

मग तो नेमच झाला. पलीकडे गारगोट्या फार, पांढरा चेंडू त्यांत दिसायचा नाही, म्हणून नाथाजी चेंडूला गुलाल चोळून द्यायचा. फटका, ओढा, करंज. कड्याची खडखड दिवसेंदिवस कमी होत गेली.

"तुला मुलं किती रे?" एकदा साहेबांनी बूट काढता काढता विचारलं.

"एकच जी. गुंडा."

"काय करतो?"

"रानातच असतोय." नाथाजी चेंडूला गुलाल चोळत राहिला.

साताऱ्याला निघायच्या आदल्या संध्याकाळी कडं एकदाही वाजलं नाही. साहेब ओढ्यापलीकडून परत आले ते एखाद्या पोरासारखे खुशीत.

"नाथाजी, तिथं काहीतरी आहे रे. पण वाईट नाही. तिथं वाकलं की हात थांबतो माझा. तो... जाऊ दे. आता दिसत नाही."

"कोण जी?"

"कोणी नाही." त्यांनी बुटांचे बंद बांधले. "हे कडं काढून टाक आता. काम झालं त्याचं."

"व्हय जी. झालं."

साहेब बंगल्याकडे गेले. ते दिसेनासे होईपर्यंत नाथाजी उभा राहिला. मग त्याने कडं काढून गवतात आडवं टाकलं, वहाणा काढल्या आणि ओढ्यात पाय धुऊन तो पलीकडे गेला.

उसातून त्याची बायको बनुबाई बाहेर आली. दोघं करंजाखाली गुडघे टेकून बसली. तिथं एक दगड मातीत अर्धा पुरलेला होता, त्यावर नाव नव्हतं. चेंडूचा गवताला लागलेला गुलाल बनुबाईने बोटाने टिपला आणि दगडाला लावला.

नाथाजीने दगडावर हात ठेवला.

"गुंडा," तो म्हणाला, "आज बी सायेब वाकला रं तुज्या फुडं."