बिरड्याचा रोजा

मोड आलेले वाल सोलताना राहेलबाईंचे हात थरथरायला लागले, तेव्हा शेजारच्या तुंगाबाईंनी ताट आपल्याकडे ओढलं. तुंगाबाईंचा जन्म बसवनगुडीतल्या कर्मठ कानडी घरातला, उपासांची त्यांना काय कमी! पण पाणीसुद्धा चालत नाही आणि संध्याकाळी सोडायचा तो वालाच्या बिरड्यावर, हे त्यांना कुठल्याच व्रतात बसवता येईना.

"अक्का, हा उपास कुठल्या देवाचा?"

देवाचा नव्हे, माणसांचा, असं राहेलबाई म्हणाल्या. त्यांच्या बेने इस्राएल ज्यू पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावला फुटलं. सात बायका, सात पुरुष तेवढे किनाऱ्याला लागले, बाकीचे बुडाले. त्यांच्यासाठी हा रोजा. आईनं असंच सांगितलं होतं. बुडालेल्यांतली एक लहान मुलगी राहेलबाईंनी मनानंच आपली मानली होती आणि साठ वर्षं दर रोजाला त्या तिच्यासाठी रडत आल्या होत्या.

त्यांचा मुलगा सिमसन पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात होता. रविवार म्हणून घरी. आईला मधुमेह, डॉक्टरांनी उपाशी राहायला बंदी केलेली, पण सकाळपासून सांगून त्याच्या तोंडाला फेस आला होता. शेवटी तो मुंबईच्या सिनेगॉगची पुस्तिका घेऊन आला आणि आजारी माणसाला या रोजातून सूट आहे, ते वाचून दाखवलं. तिथंच थांबला असता तर बरं. पण वरची ओळही त्यानं वाचली. यरुशलेमचं मंदिर शत्रूंनी पाडलं, त्याच्या दुःखाचा हा दिवस.

"आणि नवगाव?"

सिमसननं पानं चाळली. "ह्यात नाही गं, आई."

राहेलबाईंना काही सुधरेना. साठ वर्षं आपण भलत्याच दिवशी रडलो की काय, या विचारानं त्या घाबरल्याच. तुंगाबाई मान खाली घालून वाल सोलत राहिल्या.

"त्या मंदिरासाठी आणखी कोण धरतं रोजा?" राहेलबाईंनी विचारलं.

"जगभर धरतात."

"मग माझ्यावाचून अडायचं नाही." त्यांनी पाणी मागितलं. गोळी घेतली, पोळीचे दोन घासही खाल्ले. सिमसनचा जीव भांड्यात पडला.

तोंड पुसून त्यांनी पुस्तिका पुन्हा त्याच्या हातात दिली.

"आता नवगाववाल्यांचा रोजा कधी येतो तेवढं बघ. तो मात्र मी सोडायची नाही."