पायाखालचा कागद

"संत्री किती घ्यायची?" रागनाने चौथ्यांदा विषय बदलला.

"माणशी सहा. दरवर्षी तेवढीच घेतो," हाल्वार म्हणाला. "तू आधी स्कीच्या पट्ट्यांवर उभी राहा."

ईस्टरला अजून पाच आठवडे होते, पण तिच्या नवऱ्याला सुट्टीचीसुद्धा लढाईसारखी तयारी लागे. टेबलावर डोंगराचा नकाशा पसरलेला, मुक्कामाच्या चारही लाकडी घरांभोवती पेन्सिलीची वर्तुळं. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती आणि एकही ईस्टर दोघांनी खाली गावात काढला नव्हता. यंदा दोघांच्या स्कीच्या पट्ट्या दुकानातून घासून आणल्या होत्या. त्यात मेणाच्या जुन्या खुणा गेल्या होत्या.

"मागच्या खुणा माझ्या लक्षात आहेत," ती म्हणाली. "बोटाने दाखवते."

"अंदाजपंचे मेण लावून चढणीवर मागे घसरत बसायचंय का? ये, चल."

पट्टी मधोमध किंचित उचललेली असते. तेवढ्याच भागाला मेण लावायचं. माणसाचा भार पडला की ते बर्फाला धरतं आणि चढण चढता येते. तो भाग कुठून कुठवर, हे ज्याच्या त्याच्या वजनावर ठरतं. म्हणून घरातच पट्ट्यांवर उभं राहायचं आणि दुसऱ्याने पायाखालून कागद सरकवून बघायचं. दोन्ही पायांवर उभं असताना कागद सरकतो, सगळा भार एका पायावर दिला की पट्टी दबते आणि तो अडकतो. इथल्या घराघरांत पोरंसोरंही हे करतात.

रागनाचं वजन ख्रिसमसपासून अकरा किलोंनी उतरलं होतं. घरात दोन-दोन स्वेटर घालून तिने ते झाकलं होतं. हॉस्पिटलने दाखल व्हायला पुढच्या आठवड्यातली तारीख दिली, तेव्हा फोनवर हळू आवाजात तिने ती ईस्टरनंतर ढकलली. एकदा आत गेलं की डोंगर पुन्हा दिसणार नाही, असं तिच्या मनाने घेतलं होतं. दुखण्यापेक्षा तिला त्याचीच जास्त भीती वाटत होती.

"थांब, सॅक पाठीवर घेते. वाटेत असणारच ना ती."

"आजवर कधी घेतलीस? उभी राहा."

ती उभी राहिली. हाल्वारने गुडघे टेकले आणि कागद सरकवला. तो पुढे गेला, मागे आला. हाल्वारने पेन्सिलीने दोन रेघा मारल्या.

"आता उजव्या पायावर."

तिने डावा पाय उचलला. कागद तसाच सरकत राहिला.

"नीट भार दे."

"दिलाय."

त्याने पट्ट्या उचलून खिडकीजवळच्या सपाट जमिनीवर ठेवल्या. ती पुन्हा उभी राहिली. कागद पुन्हा सरकला. त्याने तिला बाजूला केलं आणि स्वतः पट्टीवर चढला. "आता तू ओढ." तिने ओढला. कागद जागचा हलला नाही. म्हणजे जमीन ठीक होती आणि पट्टीही ठीक होती.

हाल्वार खाली उतरला. बराच वेळ तो तिच्याकडे, तिच्या स्वेटरांकडे बघत राहिला.

"किती?"

"अकरा किलो."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर तू नकाशाच गुंडाळून ठेवला असतास."

"एकतीस वर्षं संसार करतोय, रागना. मला कळणार नाही असं वाटलं तुला?"

"नाहीच कळलं की तुला. कागदाला कळलं."

बोलून गेल्यावर तिलाच वाईट वाटलं. खुर्चीत बसून तिने तारखेचं सगळं सांगून टाकलं, दोन वाक्यांत.

"मला एकदा ती पहिली चढण चढायचीय," ती म्हणाली. "वर खिंडीत बर्फात आडोसा खणून उन्हात बसायचं. मग डॉक्टरांना काय करायचं ते करू देत."

हाल्वार तळघरात निघून गेला. खाली सामान हलवल्याचा, काहीतरी पडल्याचा आवाज आला. मग कितीतरी वेळ कसलाच आवाज आला नाही. रागना जिन्यापर्यंत गेली आणि परत येऊन बसली.

तो वर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते आणि हातात दुसऱ्या पट्ट्या होत्या. त्यांच्या मुलीच्या, सिल्येच्या, कमी वजनालाही दबणाऱ्या. पंधराव्या वर्षी, चर्चच्या विधीला, तिला भेट म्हणून मिळालेल्या. आता सिल्येची स्वतःची दोन पोरं होती.

"उद्या सकाळी आठला फोन करून जुनी तारीख परत मागायची. माझ्यासमोर," तो म्हणाला. "आणि या शनिवारीच डोंगरावर जायचं. एकच दिवस. खिंडीपर्यंत आणि परत."

"पाच दिवस ठरले होते."

"एक."

तिने मान हलवली. त्याने नकाशाची घडी घालून तो टेबलाच्या कडेला सारला, पट्ट्यांवरची धूळ बाहीने पुसली आणि त्या जमिनीवर ठेवल्या.

रागना उभी राहिली. दोन पायांवर कागद सरकला. मग तिने त्याच्या खांद्याचा आधार घेऊन पाय उचलला, तोल सावरला आणि हात काढून घेतला. कागद अडकला. पंधरा वर्षांच्या मुलीची पट्टी तिला बरोबर बसली होती.

खूण करून झाली तरी हाल्वार उठला नाही. मान खाली घालून तो कागदाचं टोक ओढत राहिला, सोडत राहिला, पुन्हा ओढत राहिला.

"आता कशाला ओढतोस?" ती म्हणाली. "उभी आहे ना मी अजून."